एलियाहू हानाबी वन ड्रॉपमध्ये : इस्रायलमधल्या दिमोनातल्या कामाच्या नोंदी

२१ जानेवारी २०१९, सोमवार

आज ‘तू बिश्वात’, झाडांच्या नववर्षाचा सण, म्हणून आत्याकडे मलिद्याचा विधी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. ताटाभोवती आम्ही पंधरा-सोळा जण दाटीवाटीनं बसलो आणि ‘एलियाहू हानाबी’, एलिया संदेष्ट्याचं गाणं, सुरू झालं. शेजारी बसलेला भाचा मांडीवर बोटानं ठेका धरत होता. आमच्या टाळ्या पडत होत्या तिथे नव्हे, दोन टाळ्यांच्या मधे. डोळे वटारले तर म्हणाला, “मामा, हे रेगे आहे. तुम्हाला कळत नाही एवढंच.”

हे गाणं खरंच रेगेत, जमैकाच्या त्या ठेक्यात, करून बघायचं ठरवलंय. नोंदी ठेवतोय कारण आम्हा बेने इस्रायलींतलाच, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंतलाच, कुणीतरी, इथे लोदला किंवा तिकडे ठाण्याला, उद्या हेच करायला बसेल. त्याचे तरी पैसे वाचतील.

हाताशी काय आहे: माझं हार्मोनियम (ठाण्याहून बरोबर आणलेलं), एक लॅपटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, उसना माइक आणि घरातली ममाद. ममाद म्हणजे इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक घराला असते ती काँक्रीटची सुरक्षित खोली. आमची ३.१ मीटर लांब, २.९ रुंद. फॅक्टरीतल्या शिफ्टमुळे कामाला रविवारची संध्याकाळच मिळते. बजेट १५०० शेकेल. मुदत शावुओतचा सण, म्हणजे ८ जूनची संध्याकाळ.

ज्यू आणि रेगे म्हटलं की कुणीही अमेरिकन गायक मातिस्याहूचं नाव घेतं. त्या काळात कर्मठ हसिदी ज्यूंचा काळा कोट, दाढी आणि जमैकन ठेका. २००५ साली ऑस्टिनमधल्या मैफलीचं त्याचं रेकॉर्डिंग जगभर वाजलं. मलाही ते आवडतं. पण त्याच्या पाठीशी हसिदी निगून होते, शब्दांशिवाय गुणगुणायच्या चाली. आमच्या अलिबागकडच्या आज्या निगून गात नव्हत्या. त्यांच्याकडे मलिदा होता आणि मराठीतलं कीर्तन होतं. तिथूनच सुरुवात करायला हवी.

२७ जानेवारी

आत्याला ममादमध्ये बसवून चाल रेकॉर्ड केली. वय ७८, आवाज अजून खणखणीत. सा पांढरी सहा. तीन टेक झाले, चौथ्याला म्हणाली, “किती वेळा बोलावशील त्या हानाबीला? एकदा आला की बसतो तो.”

घरी ऐकताना लिहून काढलं. आमची चाल दादऱ्यात जाते. रे कोमल, ग शुद्ध, धैवत-निषाद कोमल. बसंत मुखारी राग ऐकलेल्याला लगेच ओळखू येईल. हिब्रू प्रार्थनेच्या जगात या सुरांना ‘अहावा राब्बा’ म्हणतात. ध्रुवपदाची पहिली ओळ सात अक्षरांची: ए-लि-या-हू-हा-ना-बी. दुसरीही सात. तिसरी, ‘एलियाहू हागिलादी’, आठ. हे एक अक्षर पुढे छळणार आहे असं कागदावरच दिसत होतं. मी दुर्लक्ष केलं.

१० फेब्रुवारी

दोन आठवडे वाया गेले. काय चुकलं ते सविस्तर लिहितो, कारण ही चूक कुणीही करेल.

रेगे चारच्या मापात, आमची चाल तीनच्या. मी काय केलं, तर तीन मात्रांचा प्रत्येक तुकडा ताणून चार मात्रांचा केला. शेवटचं अक्षर एक मात्रा जास्त धरलं की झालं. हिशोब जुळला, पण गाणं मेलं. आत्या जिथे उडी मारते तिथे लॅपटॉपमधली आत्या जांभई देत होती. आधी वाटलं लय कमी आहे. ७२ वरून ८०, मग ८८. आता ती जांभई घाईघाईत देऊ लागली.

आज सकाळी फॅक्टरीच्या बसमध्ये सुचलं. ताणायचं कशाला? तीन मात्रा एकाच ठोक्यात बसवाव्यात. मिनिटाला ७२ ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन. म्हणजे चार ठोक्यांच्या एका घरात दादऱ्याची दोन आवर्तनं अख्खी बसतात. एक ओळ, एक घर. आत्याचा मूळ टेक लावून बघितला, जवळजवळ हात न लावता बसला. ती मुळातच त्या लयीत गात होती, २१०-२१५ मात्रांच्या आसपास.

दादऱ्यातली चाल घेणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. ताणू नका.

२४ फेब्रुवारी

ड्रमर मिळाला. याच गावातला, किप्पा (धार्मिक ज्यूंची टोपी) घालणारा, तेवीस वर्षांचा. पैशाच्या आधी त्यानं विचारलं, “शब्बाथला कुठे वाजवायचं नाही ना?” शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा पवित्र शनिवार. नाही म्हटल्यावर तयार झाला. ३०० शेकेल ठरले.

त्यानं वन ड्रॉप, म्हणजे रेगेचा खास ठेका, दाखवला तेव्हा माझ्यातला पेटीवाला पार गोंधळला. आपलं सगळं शिक्षण समेवर येण्याचं. गाणारा, वाजवणारा, ऐकणारा, सगळे समेला भेटतात आणि मान डोलावतात. या पठ्ठ्यांच्या समेवर कुणीच नाही! पहिला ठोका मोकळा. पायाचा ड्रम आणि स्नेअरच्या कडेवरची काठी दोन्ही तिसऱ्या ठोक्यावर एकदम पडतात. बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट हा ठेका वाजवायचा. तो ऐकताना आपला पाय पहिल्या ठोक्यावर पडायला जातो आणि खाली जमीनच नसते. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचा रूपक, तिथे सम खालीची. पण तिथे निदान एक हलका हात तरी पडतो.

अडचण अशी की मलिद्याला बायका टाळी देतात ती नेमकी पहिल्या ठोक्यावर. टाळ्यांचा ट्रॅक लावला की वन ड्रॉप उरत नाही, नुसता मार्च होतो. काढला की ते आमचं वाटत नाही. तूर्त काढलाय.

३ मार्च

गिटार. भाच्याच्या मित्रानं फुकट वाजवली आणि तेवढ्या किमतीचीच निघाली. दोष त्याचा नाही, मी त्याला ‘ए मायनर’ सांगितलं होतं. गाणं ऐकायला उदास म्हणून मायनर, एवढाच माझा विचार. मायनरमध्ये गंधार कोमल, आत्या लावते शुद्ध. प्रत्येक दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला गिटारचा ‘चक्’ आणि आत्याचा गंधार एकमेकांना दातओठ खात होते. संध्याकाळभर आम्ही आत्याचा सूर हलतोय का ते तपासत बसलो. ७८ वर्षांच्या बाईवर आळ घेतला!

दुरुस्ती: ए मेजर आणि जी मायनर, एवढ्या दोनच कॉर्डवर सगळं गाणं फिरवलं. जी मायनरमध्ये कोमल निषाद, कोमल रे आणि मध्यम येतात, म्हणजे चालीतलेच सूर. पोराला फक्त वरच्या तीन तारा वाजवायला लावल्या, आणि वाजवल्या की लगेच बोटं सैल. स्कँक, म्हणजे रेगे गिटारचा हा ‘चक्’, असाच कोरडा हवा, कोथिंबीर चिरल्यासारखा.

१७ मार्च

हार्मोनियम हरलं. लिहायला जिवावर येतंय.

रेगेत ऑर्गन ‘बबल’ वाजवतो. दोन स्कँकच्या मधे डावा हात बुडबुड करत राहतो, ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. माझं स्वप्न होतं की हे काम पेटी करेल. कीर्तनातली पेटी, जमैकन बुडबुडे. चार संध्याकाळी घालवल्या. पेटीच्या पत्तीला हवा लागून ती बोलायला लागेपर्यंत क्षण जातो. भजनात तो कळत नाही, बबलमध्ये प्रत्येक सूर उशिरा पोचतो. ट्रॅक ४० मिलिसेकंद आधी सरकवून पाहिला. खालचे सूर जागेवर आले तर वरचे आधी येऊ लागले, कारण जाड पत्ती आळशी आणि बारीक पत्ती चटपटीत. त्यात पेटी कीबोर्डपेक्षा १५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी.

भाचा म्हणाला, मेलोडिका घ्या. फुंकायची, प्लॅस्टिकची, शाळकरी पोरांची. ९५ शेकेलला आणली. तिच्याही पोटात पेटीसारख्याच धातूच्या पत्त्या. जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोनं सत्तरच्या दशकात याच खेळण्याला रेगेत मानाची जागा मिळवून दिली. दोन कडव्यांच्या मधली चाल मेलोडिकावर वाजवली आणि पहिल्यांदा वाटलं की हे गाणं होऊ शकतं. बबल कीबोर्डवर. पेटी फक्त सुरुवातीला, आठ सेकंद नुसता सा-प, तेही रेकॉर्डिंगनंतर १५ सेंट उतरवून.

७ एप्रिल

बेस आज झाला. बेसिस्ट बेर्शेव्याचा, घरचे इथियोपियातून आलेले. जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे लोक इथियोपियाचा सम्राट हाइले सेलासी याला देवाच्या जागी मानतात. १९३० साली त्याचा राज्याभिषेक झाला, ‘यहूदाचा सिंह’ ही त्याची पदवी, आणि रेगेतला सिंह तिथलाच. मी हे फार रंगवून सांगत होतो. पोरगा तार पिळत म्हणाला, “माझ्या आजोबांनी त्याचं राज्य पाहिलंय. राजा होता. आजोबांना तो देव कधी वाटला नाही.” पुढे बोलायला काही उरलं नाही.

त्याच्या नव्या कोऱ्या तारा खणखणत होत्या. रेगेच्या बेसला खणखण चालत नाही, भिंतीपलीकडून आल्यासारखा गोल सूर हवा. स्वयंपाकघरातला भांडी घासायचा स्पंज (३ शेकेल) कापून पट्टी ब्रिजपाशी तारांखाली सरकवली, टोनचं बटण पूर्ण बंद केलं. या प्रकल्पातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक.

आता भांडणाचं. मधल्या भागात मला बायबलमधलं स्तोत्र १३७ हवं होतं, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलो ते. रास्ता लोकांनी बाबेल, सियोन सगळं तिथूनच उचललं, आणि १९७० साली जमैकाच्या मेलोडियन्सनी त्याच शब्दांचं रेगे केलं. मला वाटलं दोन्हीकडचा पूल तयारच आहे. चौथ्या ओवीत देवाचं नाव येतं. सरावात आम्ही त्या जागी ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’, म्हणत होतो, तशी पद्धतच आहे. पक्क्या टेकमध्ये ओवी जशी आहे तशी म्हटली. मग मी हौसेनं त्या शब्दावर डबचा (रेगेचाच एक प्रकार) एको, म्हणजे प्रतिध्वनी, टाकला, ६२५ मिलिसेकंदांचा. नाव एकदा गायलेलं, अकरा वेळा घुमून विरत गेलेलं.

ड्रमरनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, “हे नाव उगाच घ्यायचं नाही. तुझं मशीन उगाचच घेतंय ना?” मी वाद घातला की मशीनला कसली आज्ञा लागू. तो म्हणाला, बटण तू दाबलंस. वीस मिनिटं गेली. बेसिस्ट सँडविच खाऊन आला.

एको ‘एलियाहू’वर नेला. तिथे तो शोभतोही, हाकच आहे ती. स्तोत्र मात्र पुढे पूर्णच कापलं, आणि त्याचं कारण ड्रमर नाही. ऐकून ऐकून कळलं की बाबेलच्या त्या चार ओव्या आपल्या नाहीत. इतरांनी इतक्यांदा गायल्यात की आम्ही नुसती नक्कल करतोय असं वाटत होतं.

१४ एप्रिल

मी मूर्ख आहे. बेर्शेव्यात ३० एप्रिलला स्टुडिओ बुक करून २०० शेकेल आगाऊ दिले आणि ड्रमरला आज कळवलं. त्याचा एका ओळीचा निरोप आला: “ओमेर.”

ओमेर म्हणजे पेसाहपासून (वल्हांडण सणापासून) शावुओतपर्यंत ४९ दिवस मोजायचे. त्यातला बराच काळ श्रद्धाळू लोक वाद्यसंगीत करत नाहीत, लग्नं नाहीत, काही जण केससुद्धा कापत नाहीत. त्याच्या घरी लाग बाओमेरपर्यंत, म्हणजे मोजणीच्या तेहेतिसाव्या दिवसापर्यंत, पाळतात. यंदा तो २३ मे. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाण्याला टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये लहानपणी दिवस मोजलेत की! पण कॅलेंडर बघताना डोक्यात फक्त फॅक्टरीच्या शिफ्ट होत्या. आगाऊ रक्कम परत नाही, स्टुडिओचा नियम आधीच सांगितला होता, तक्रार कुणाकडे करणार. पाच आठवडे गेले.

तुम्ही करणार असाल तर आधी पंचांग, मग स्टुडिओ. पेसाह ते लाग बाओमेर, आणि तम्मूझ या हिब्रू महिन्याच्या सतरापासून पुढच्या आव महिन्याच्या नऊपर्यंतचे तीन आठवडे, एवढे दिवस सोडूनच तारखा मागा. शुक्रवार दुपारनंतरचं काही ठरवू नका.

५ मे

वाजवायचं नाही तर लिहू म्हटलं. स्तोत्राच्या जागी चार मराठी ओळी हव्या होत्या. आपली नदी बाबेलची नाही, आपला किनारा अलिबागजवळच्या नवगावचा. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाळूवर आल्या, पोथ्या बुडाल्या, ‘शमा’ या प्रार्थनेचा पाठ तेवढा तोंडात राहिला, हे आपण सगळे ऐकत वाढलो. मग तेलाचे घाणे, शनिवारी बंद, म्हणून गावानं दिलेलं नाव शनवार तेली.

पहिले दोन मसुदे शाळेच्या स्नेहसंमेलनातले. ‘अथांग सागर’, ‘पूर्वजांची पुण्याई’ वगैरे. आत्याला वाचून दाखवले. तिनं विचारलं, “हे कोण बोलतंय?” फाडले. तिसरा टिकला:

नाव फुटली, सामान गेलं
शमा तेवढं तोंडी राहिलं
सहा दिवस घाणा फिरतो
शनवारी घाणा बंद

चौथी ओळ आखूड आहे. ‘बंद’नंतर जागा उरते. यमक जुळवून ती भरायचा प्रयत्न दोन दिवस केला: आनंद, छंद, मंद. मग सोडून दिलं. ड्रमरला फोनवर फक्त शब्द वाचून दाखवले. (ओमेरमध्ये बोलायला बंदी नाही.) त्यालाच सुचलं: ‘बंद’ झाला की पुढचं अख्खं घर कुणीच वाजवायचं नाही. ना ड्रम, ना बेस, ना बबल. चार ठोके पूर्ण मोकळे, आधीच्या एकोचं शेपूट काय ते राहील.

२६ मे

स्टुडिओ, चार तास, तासाला १२०. ड्रम दुसऱ्या टेकला झाले. एक नाजूक गोष्ट: त्याच्या हेडफोनमध्ये आत्याचा आवाज नको होता, बाईचं गाणं न ऐकण्याचा त्याचा नेम. मी आधीच माझ्या आवाजात कच्चा ट्रॅक करून नेला होता. आत्याला हे कळलं तेव्हा फणकारली, “माझा नातू शोभेल तो!” आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चिकाच्या हलव्याचा डबा पाठवला.

टाळ्यांचाही प्रश्न सुटला, अपघातानं. मोकळ्या घरात चुकून जुना टाळ्यांचा ट्रॅक चालू राहिला होता. सगळी वाद्यं थांबलीत आणि मागे चार-पाच बायकांची एकच टाळी, पहिल्या ठोक्यावर. ठेवली. अख्ख्या गाण्यात सम तेवढी एकदाच वाजते.

२ जून

मिक्स ममादमध्ये केला. बेसचा सा भयंकर घुमत होता, म्हणून ५५ हर्ट्झवर ६ डेसिबल कापले. गाडीत लावून ऐकलं तर सा गायब! बेसिस्ट चालता चालता खड्ड्यात पडल्यासारखा.

चूक खोलीची, म्हणजे परत माझीच. ३.१ मीटरच्या दोन काँक्रीट भिंतींमधे साधारण ५५ हर्ट्झचा आवाज स्वतःच फुगतो, आणि पांढरी सहाचा खालचा सा नेमका ५५. रेकॉर्डिंगमध्ये फुगवटा नव्हताच, माझ्या कानापाशी होता. मी निरोगी माणसाला औषध दिलं.

६४० शेकेलची रॉकवूल, आवाज शोषणारी लोकर, आणली. ममादच्या भिंतीत भोकं पाडायची नव्हती आणि खिडकी अडवायची नव्हती, म्हणून लाकडी चौकटी करून कोपऱ्यांत उभ्या केल्या, वर आत्याच्या जुन्या साड्या गुंडाळल्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मी घातला नाही, तीन दिवस खाजवतोय. घुमणं संपलं नाही, निम्मं झालं. आता बेसचा निर्णय गाडीत घेतो, खोलीत नाही.

९ जून

काल शावुओत लागला. मुदत हुकली. आज काम नाही, ही नोंद सण संपल्यावर रात्री.

२३ जून

काल शब्बाथ सुटल्यावर, त्याला निरोप द्यायचा हाव्दालाचा विधी झाल्यावर, आत्याकडे ऐकवलं. ‘एलियाहू हानाबी’ त्याच वेळी गायचं असतं. लवंग-वेलचीचा वास घेऊन झाला, मेणबत्ती विझली, मग भाच्यानं स्पीकर लावला. लहान पोरं नाचली. बाकीचे माझ्याकडे आणि आत्याकडे आळीपाळीनं बघत होते.

आत्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “छान. पण हागिलादीला मी अशी थांबून येत नाही. तू काहीतरी केलंयस.”

केलं होतं. आठ अक्षरांची ती ओळ. आत्या ती घर सुरू होण्याआधीच उचलते, म्हणून जास्तीचं अक्षर मावतं. मला ते ‘आधी आलेलं’ वाटलं होतं, आणि फेब्रुवारीत कधीतरी मी ती ओळ लॅपटॉपवरच्या ठोक्यांच्या ग्रिडवर नीट सरकवून ठेवली होती. चार महिने तशीच ऐकत होतो.

रात्री घरी येऊन २७ जानेवारीचा मूळ टेक काढला. तिन्ही ध्रुवपदांत तिसरी ओळ ठोक्याच्या आधी येते: १९०, २१०, २०० मिलिसेकंद. जशी आहे तशी परत लावली.

खर्च: स्टुडिओ ४८०, बुडालेले २००, रॉकवूल ६४०, ड्रमर आणि बेसिस्ट मिळून ६००, मेलोडिका ९५, स्पंज ३. एकूण २०१८ शेकेल. फाइल आज पहाटे दोनला बंद केली, सहाची शिफ्ट होती.